४ जीबीचा छोटा लॅपटॉप, लिनक्स मिंट आणि देठाचा श: काही महिन्यांच्या वापरानंतर

"लिनक्स टाकलंय ना तुम्ही? मग वॉरंटीत बसणार नाही."

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर हे ऐकून घ्यावं लागलं, तेव्हाच ठरवलं की विंडोज काढून लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकलेल्या माझ्या या लॅपटॉपबद्दल सविस्तर लिहायचं. बिघाड काय होता? चार्जरची पिन जिथे बसते तो जॅक आतून ढिला झाला होता. वायर एका कोनात धरून ठेवली तरच दिवा लागायचा. सोल्डरिंग सुटण्याशी विंडोजचा किंवा लिनक्सचा काय संबंध? पण तिथे तपासणीची ठरलेली पद्धत आहे आणि तपासणीचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. "मूळ सिस्टिम टाकून आणा, मग तक्रार नोंदवतो." मूळ सिस्टिमची प्रत माझ्याकडे पेन ड्राइव्हवर जपून ठेवलेली आहे, ती टाकणं अवघड नव्हतं. पण महिनोन् महिने बसून जमवलेली मांडणी एका जॅकसाठी पुसायची, हे मला पटलं नाही. वॉरंटी कार्डावर ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल एक अक्षर नाही, ते त्यांना वाचूनही दाखवलं. उपयोग झाला नाही.

शेवटी लॅमिंग्टन रोड हा मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार गाठला. ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत पाच-सात मिनिटं. पोटमाळ्यावर बसणाऱ्या दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप उघडला, जॅक बदलला, आणि मी चहा पिऊन येईपर्यंत चार्जिंग सुरूही झालं होतं. आत कोणती सिस्टिम आहे हे त्याने विचारलंसुद्धा नाही. पैसे खिशातून गेले, त्याचा राग अजून आहे.

आता यंत्राबद्दल. ११.६ इंची पडदा, सेलेरॉन एन४०२० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी, म्हणजे साठवणीची चिप. रॅम आणि साठवण दोन्ही बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे पुढे वाढवायची सोय नाही. पंखा नाही, त्यामुळे आवाज शून्य. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण अशी आहे, आणि हा लॅपटॉप बरोबर त्या रेषेवर उभा आहे. रेषेवर उभं राहून काम होत नाही. सुरुवातीच्या दिवसांत एक अपडेट आलं की निम्मी सकाळ त्यातच जायची. म्हणून लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराची एक्सएफसीई, म्हणजे हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती टाकली. मिंटची २२ वी मालिका उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर आधारलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. तोपर्यंत नवा लॅपटॉप घ्यायचा माझा विचार नाही.

माझं काम मुद्रितशोधनाचं. भांडुपहून दादरला जाताना गाडीत जागा मिळाली तर मांडीवर, नाहीतर ग्रंथसंग्रहालयात टेबलावर, दिवसभर मराठी मजकूर डोळ्यांखालून जातो. त्यामुळे या लॅपटॉपचं माझं खरं परीक्षण एकाच गोष्टीवर झालं: पडद्यावर श आणि ल कसे दिसतात?

मराठीत श देठाचा आणि ल पाकळ्यांचा. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही हीच रूपं धरली आहेत. हिंदीत श गाठीचा आणि ल दंडाला वेगळ्या तऱ्हेने जोडलेला. बहुतेकांना हा फरक खटकत नाही, मला खटकतो. शाळेत पाटीवर जो श गिरवला, छापील पुस्तकांत आयुष्यभर जो पाहिला, तो माझ्याच लॅपटॉपवर का दिसू नये? आणि प्रश्न नुसत्या आवडीचा नाही. प्रूफ वाचताना डोळा अक्षराच्या ओळखीच्या आकारावर धावतो. आकार अनोळखी असला की वेग पडतो आणि चुका सुटतात.

मिंट टाकल्यावर पहिल्या दिवशी फाइलींच्या नावांत, मेनूत, साध्या मजकुराच्या खिडकीत, सगळीकडे गाठीचा श. फॉन्ट बदलून पाहिले, नोटो नावाचा फॉन्ट घातला, तरी तेच. खोलात गेल्यावर कळलं की फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतातच. मजकूर कोणत्या भाषेचा आहे हे फॉन्टला कोणीतरी सांगावं लागतं, मग तो योग्य रूप काढून देतो. एक्सएफसीईच्या खिडक्यांत अक्षरं मांडण्याचं काम पँगो नावाची लायब्ररी करते. सिस्टिमची भाषा इंग्रजी ठेवली आणि समोर देवनागरी आली की पँगो ती हिंदी धरते, कारण देवनागरी लिपीसाठी तिच्या आतल्या तक्त्यात हिंदीच नेमलेली आहे.

यावर उपाय एका ओळीचा निघाला. होम फोल्डरमधल्या डॉट प्रोफाइल फाइलीत पँगो लँग्वेज नावाचं व्हेरिएबल एक्सपोर्ट करायचं. नाव सगळं कॅपिटलमध्ये, दोन शब्दांच्या मध्ये अंडरस्कोअर, आणि त्याचं मूल्य ईएन (इंग्रजी), कोलन, एमआर (मराठी). लॉग आउट करून परत आलं की झालं. मेनू इंग्रजीच राहतात, पण फाइलींच्या नावांतला प्रत्येक श देठावर उभा. त्या संध्याकाळी मी जुन्या फाइलींची यादी उगाचच वर-खाली करत बसलो होतो. इतका आनंद मला कुठल्याही नव्या वस्तूने बऱ्याच वर्षांत दिलेला नाही.

लिब्रेऑफिस या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये हेच वेगळ्या जागी आहे. पर्यायांमध्ये भाषेच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटसाठी, म्हणजे देवनागरीसारख्या लिपींसाठी, मराठी निवडा. तिथे हिंदी असेल तर अक्षरंही हिंदी वळणाची येतात. दुसऱ्याकडून आलेल्या फाइलीत मजकुरावरच हिंदीचा शिक्का असू शकतो, तेव्हा सगळं निवडून भाषा मराठी करायची. प्रकाशकांना मी आता फाइल परत पाठवताना हे आवर्जून करून पाठवतो.

ब्राउझरमध्ये मात्र हा लढा पूर्ण जिंकता येत नाही. तिथे पान स्वतःची भाषा काय सांगतं यावर सगळं ठरतं, आणि मजकूर अस्सल मराठी असूनही पानाच्या कोडमध्ये भाषा इंग्रजी किंवा हिंदी लिहिलेली बऱ्याच ठिकाणी सापडते. फायरफॉक्समध्ये देवनागरीसाठी वेगळा फॉन्ट नेमता येतो. तिथे लोहित या फॉन्टमालिकेतला मराठीसाठी वेगळा काढलेला फॉन्ट नेमला आणि पानांनी आपले फॉन्ट लादण्याची परवानगी काढून घेतली. काही पानं जरा ओबडधोबड दिसतात. चालेल. मराठी संकेतस्थळं बांधणाऱ्या मंडळींना एवढीच विनंती आहे की पानाच्या पहिल्या ओळीत एमआर लिहा. दोन अक्षरांचं काम आहे.

टायपिंगचं थोडक्यात. एक्सएफसीईच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये 'इंडियन' मांडणी घेतली की ती इन्स्क्रिप्टच, म्हणजे भारतीय लिपींची प्रमाण कळमांडणी असते, त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम चालू ठेवावा लागत नाही आणि तेवढी रॅम वाचते. मराठी-इंग्रजी अदलाबदल कॅप्स लॉकवर ठेवली आहे. 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला ऱ शिफ्ट धरून र च्या कळीवर मिळतो.

आता रॅम. हा अनुभव मी पावसाळ्यात लिहायला घेतला होता आणि तेव्हाच्या मसुद्यात स्पष्ट वाक्य होतं: ४ जीबीचं यंत्र कोणीही घेऊ नये. दहाएक टॅब, लिब्रेऑफिसमध्ये जाड पुस्तक आणि एक पीडीएफ, एवढ्यावर यंत्र थिजायचं. रॅम भरली की सिस्टिम ईएमएमसीवरच्या स्वॅपकडे, म्हणजे रॅमला जोड म्हणून राखलेल्या जागेकडे, धावते आणि ईएमएमसीचा वेग त्या कामाला पुरत नाही. ते वाक्य आता काढलं आहे, कारण मधल्या काळात झेडरॅम सुरू केलं. यात रॅमचाच एक भाग स्वॅप म्हणून वापरतात, पण तिथे जाणारा मजकूर दाबून, कमी जागेत ठेवला जातो. प्रोसेसरला थोडं जास्त काम पडतं, ईएमएमसी वाचते. ही नवी युक्ती नाही: २०१४ मध्ये ३.१४ आवृत्तीपासून ती लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, पक्की आहे, गूगलच्या क्रोमबुक लॅपटॉपमध्ये वापरतात, आणि फेडोरा या दुसऱ्या लिनक्सने २०२० मध्ये ३३ व्या आवृत्तीपासून आपणहून चालू करून दिली. मिंटमध्ये झेडरॅम टूल्स हे पॅकेज घ्यावं लागतं. मी दाबण्याची पद्धत झेडस्टँडर्ड ठेवली, आकार रॅमच्या निम्मा, स्वॉपीनेस (मजकूर स्वॅपकडे किती सहज ढकलायचा ते ठरवणारा आकडा) १५० आणि पेज क्लस्टर (स्वॅपमधून एका वेळी किती वाचायचं ते ठरवणारा आकडा) शून्य. स्वॉपीनेस १०० च्या वर नेता येतं हे जुन्या लेखांत सापडणार नाही, कर्नल ५.८ पासून मर्यादा २०० झाली. आता तेवढंच काम त्याच यंत्रावर न थिजता होतं. शेजारचा मुलगा "काका, नवीनच घ्या ना" म्हणायचा, त्याच्याही जुन्या लॅपटॉपवर हेच बसवून दिलं.

पडद्याची उंची फक्त ७६८ पिक्सेल, म्हणून पॅनेल डाव्या बाजूला उभं केलं आणि खिडकी मोठी केल्यावर तिची शीर्षकपट्टी लपेल असं सेटिंग केलं. प्रूफच्या दोन-तीन ओळी जास्त दिसतात. एखादी सेटिंगची खिडकी पडद्याबाहेर गेलीच, तर ऑल्ट धरून माउसने ओढता येते. ही एक कळ माहीत नसल्यामुळे छोट्या पडद्याला नावं ठेवणारे बरेच भेटले.

झोपवून ठेवल्यावर बॅटरी उतरते, हे दुखणं अजून आहे. स्लीपची डीप पद्धत कर्नलच्या पर्यायातून लावल्यावर पुष्कळ कमी झालं, पण मी रात्री सरळ बंदच करतो. सुरू व्हायला वेळ लागत नाही.

साठवणीची काटकसर मात्र कायमची. फ्लॅटपॅक या प्रोग्रॅम मिळवण्याच्या दुसऱ्या सोयीतून एखादा छोटासा प्रोग्रॅम घेतला तरी सोबत तो चालवायला लागणारं मोठं रनटाइम येतं, म्हणून जे मिळेल ते मिंटच्या नेहमीच्या पॅकेजांतून. टाइमशिफ्टने काढलेल्या सिस्टिमच्या राखीव प्रती दोनच ठेवायच्या. पूर्ण झालेली पुस्तकं बाहेरच्या डिस्कवर. घेणाऱ्याला माझा सल्ला विचाराल तर एकच: दुकानात बसून खालचं झाकण उघडता येतं का आणि आत एसएसडीसाठी रिकामी जागा आहे का, हे विचारा. थोडे जास्त पैसे गेले तरी तसाच घ्या. रॅमचं झेडरॅमवर भागतं, ईएमएमसी खराब झाली तर बोर्डच बदलावा लागतो, आणि तो खर्च लॅपटॉपच्या किमतीच्या जवळ जातो.