कॉलेज बोर्ड, स्कूल बोर्ड की सिटी कौन्सिल? कॅलिफोर्नियात उभं राहायचं असेल तर आधी हे वाचा

बे एरियातल्या आपल्या लोकांना सिटिझनशिप मिळाली, मुलं जरा मोठी झाली की लोकल इलेक्शनची खुमखुमी येते, आणि चर्चा नेहमी दोनच नावांवर येऊन थांबते, स्कूल बोर्ड नाहीतर सिटी कौन्सिल. कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांची सरकारी लोकल कॉलेजं) डिस्ट्रिक्टच्या ट्रस्टीचं, म्हणजे कॉलेज बोर्डाच्या निवडून दिलेल्या सदस्याचं, नाव कोणी काढतच नाही. म्हणजे पोरगं हायस्कूलला असताना डी अँझाचे क्लासेस करून युनिट्स (क्रेडिट्स) जमवतं, शेजाऱ्यांची मुलगी फुटहिलमधून यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, ट्रान्सफर होते, पण ही दोन्ही कॉलेजं चालवणारं बोर्ड आपणच निवडून देतो हे बॅलटवर त्या ओळीपर्यंत पोचल्यावर कळतं, तेही पोचलो तर.

ग्रीन कार्डवाल्यांनी मात्र इथेच थांबा, तिन्हीकडे सिटिझन आणि तिथलाच रजिस्टर्ड मतदार असावं लागतं.

उभं राहणं कुठे सोपं? कागदोपत्री कॉलेज बोर्ड आणि स्कूल बोर्ड. कौन्सिलसाठी शहरातल्या 20 ते 30 मतदारांच्या सह्या आणाव्या लागतात, बोर्डांसाठी बहुतेक ठिकाणी नुसता उमेदवारीचा अर्ज पुरतो. पक्षाचं नाव कुठेच छापत नाहीत. खर्चाची गंमत मात्र उलटी आहे. मतदारांच्या पुस्तिकेत तुमचं 200 शब्दांचं निवेदन छापायचं तर पैसे बहुधा तुम्हीच भरायचे आणि जितके मतदार जास्त तितकं बिल मोठं. फुटहिल-डी अँझा डिस्ट्रिक्ट क्युपर्टिनो, सनीवेलपासून पार पालो आल्टोपर्यंत पसरलंय, तेव्हा अशा अख्ख्या डिस्ट्रिक्टमधून निवडून यायचं तर एका शहरापुरत्या कौन्सिलपेक्षा जास्त मतदारांपर्यंत पोचायचं आणि त्यातल्या निम्म्या लोकांना हे पद असतं हेच माहीत नाही. 2001 च्या कॅलिफोर्निया व्होटिंग राइट्स अ‍ॅक्टनंतर बरीच डिस्ट्रिक्ट्स ट्रस्टी एरियावर आली, म्हणजे आपल्या वॉर्डासारखंच, तिथे भार थोडा हलका होतो.

आता खरा मुद्दा, कॉलेज ट्रस्टीच्या हातात काय येतं? इथे लोकांचा फार गोंधळ असतो. फी कमी करीन असं सांगत फिरू नका, राज्यातल्या रहिवाशांसाठी युनिटला 46 डॉलर हा आकडा 2012 पासून तोच आहे आणि तो सॅक्रॅमेंटोत, राज्याच्या राजधानीत, ठरतो. काय शिकवायचं यातही तुमची मर्जी चालत नाही कारण 1988 च्या एबी 1725 ने अभ्यासक्रमाच्या बाबतीत प्राध्यापकांच्या अ‍ॅकॅडमिक सिनेटला मोठा अधिकार दिलाय. मग उरतं काय? चॅन्सलर (डिस्ट्रिक्टचा मुख्य अधिकारी) नेमणं आणि काढणं, बजेट, युनियनचे करार, जमीन, बॉन्ड म्हणजे मतदारांच्या मंजुरीने काढायचं कर्ज. आणि हे ‘उरलेलं’ काही लहान नाही हो, 2020 च्या मार्चमध्ये फुटहिल-डी अँझा डिस्ट्रिक्टमधल्या मतदारांनी बॅलटवरचा मेजर जी हा प्रस्ताव पास केला, 89 कोटी 80 लाख डॉलरचा बॉन्ड! बजेटकडे दुर्लक्ष केलं की काय होतं ते सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजने दाखवलंय, 2012 मध्ये आर्थिक कारभार आणि गव्हर्नन्सवरून मान्यता धोक्यात आली आणि 2013 मध्ये निवडून आलेल्या बोर्डाचे अधिकार काढून स्पेशल ट्रस्टी बसवला.

स्कूल बोर्डात उलट. प्रत्येक निर्णय कोणाच्या तरी घरात शिरतो, शाळा बंद होणार, हद्दी बदलणार, गणिताचा ट्रॅक बदलणार. मीटिंगला पालक रांगा लावतात आणि चिडले तर घरीही पाठवतात, सॅन फ्रान्सिस्कोत 2022 च्या फेब्रुवारीत तीन सदस्य एका दमात रिकॉल झाले. मूल शाळेत आहे आणि काहीतरी खुपतंय, तर हेच करा, पण मूल पास होऊन गेल्यावरही टर्म उरलेली असते हे लक्षात ठेवा. कौन्सिल म्हणजे घरबांधणी, घरबांधणी आणि परत घरबांधणी, क्युपर्टिनोत वॅलको मॉलच्या जागी काय बांधायचं यावरून जे रामायण झालं ते बघितलेल्यांना वेगळं सांगायला नको.

माझं मत विचाराल तर आपल्यातल्या बजेट वाचता येणाऱ्या, आवाज न चढवता चार वर्षं काढू शकणाऱ्या माणसाला कॉलेज बोर्ड जास्त जमतं. फोटो आणि हारतुरे हवे असतील तर कौन्सिल. पुढे जायचा रस्ता इथून बंद होतो असंही नाही, जेरी ब्राउन 1969 मध्ये लॉस एंजेलिसच्या कम्युनिटी कॉलेज बोर्डावरूनच सुरू झाले आणि गव्हर्नर झाले. मानधन असतं, पण त्यावर नोकरी सोडायचा विचार करू नका.

दोन गोष्टी आधीच तपासा. त्याच डिस्ट्रिक्टमध्ये पार्टटाइम शिकवत असाल तर शपथ घेण्याआधी ती नोकरी सोडावी लागते. आणि ब्राउन अ‍ॅक्ट, बोर्डाची चर्चा लोकांसमोरच व्हावी असा राज्याचा कायदा, म्हणजे पाच जणांच्या बोर्डातल्या तिघांनी व्हॉट्सअ‍ॅपवर कॉलेजच्या विषयावर चर्चा केली तरी कायदा मोडला, आपल्या ग्रुपबाज स्वभावाला हे जड जातं.

अजून ठरत नसेल तर बॉन्डवर लक्ष ठेवणारी नागरिकांची ओव्हरसाइट कमिटी असते, त्यात अर्ज करा, आतलं काम फुकटात कळतं. आणि तारखा पाठ करा, नोव्हेंबरच्या मतदानाच्या 113 दिवस आधी अर्ज सुरू होतात आणि 88 दिवस आधी बंद. आत्ताच्या ट्रस्टीने अर्जच भरला नाही तर बाकीच्यांना पाच दिवस वाढवून मिळतात, आणि जागेला एकच उमेदवार उरला तर बहुतेक वेळा निवडणूकच होत नाही, तो सरळ बोर्डावर. त्यामुळे मुदत संपते त्या संध्याकाळी काउंटीच्या रजिस्ट्रारची (निवडणूक अधिकाऱ्याची) उमेदवारांची यादी उघडून बघाच.