‘स्ट्रेस हार्मोन पॅकेज’: घरपोच सेवा चांगली, चाचणी चुकीच्या वेळेची

छत्रपती संभाजीनगर, लातूरकडच्या लॅब हल्ली हे पॅकेज विकतात. जाहिरात ठरलेली: खाणं आवरत नाही, पोट सुटलंय, मग कॉर्टिसॉल (ताणात वाढणारं हार्मोन) तपासा. रक्त घरी येऊन घेतात, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो. सेवेबद्दल तक्रार नाही. पॅकेजला मात्र ५ पैकी २.

त्यात मिळतं काय? सकाळी उपाशीपोटीचं एकच कॉर्टिसॉल, जोडीला इन्सुलिन आणि थायरॉइडची टीएसएच. कॉर्टिसॉल सकाळी ८ च्या सुमारास सर्वात जास्त असतं, मध्यरात्री तळाला जातं. नान-खलियावर आडवा हात मारला की इन्सुलिन चढतं, नॉरॲड्रेनॅलिन हे दुसरं ताणाचं हार्मोनही वाढतं. कॉर्टिसॉलही जेवणानंतर थोडं वर जाऊन काही वेळात उतरतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या नळीत त्याचा माग कसा लागणार?

वजनाचा फरकही इथे नीट दिसत नाही. लठ्ठ शरीर कॉर्टिसॉल बनवतं जास्त आणि बाहेर टाकतंही भराभर. त्यामुळे सकाळचा आकडा नॉर्मल येतो, कधी सडपातळ माणसापेक्षा कमीच. खरा फरक चरबीत असतो. तिथलं ११-बीटा-एचएसडी-१ हे एन्झाइम निष्क्रिय कॉर्टिसोनचं कॉर्टिसॉल करतं आणि लठ्ठपणात चरबीत ते जास्त जोरात चालतं. रक्ताच्या रिपोर्टात हे उमटत नाही.

तरी करायचीच असेल, तर रक्त सकाळी ७ ते ९ मध्येच द्या आणि नळीवर वेळ लिहायला लावा. रक्त घ्यायला येणारा पोरगा साडेदहाला उगवला तर त्या आकड्याची तुलना कशाशी करणार? वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांतल्या रात्रपाळीवाल्यांचं तर चक्रच फिरलेलं असतं. गर्भनिरोधक गोळ्यांनी कॉर्टिसॉल बांधणारं प्रथिन वाढतं, आकडा फुगतो. दम्याचा स्टिरॉइड पंप किंवा गजकर्णावर महिनोन्‌महिने चोळलेलं स्टिरॉइड मलम तो खाली पाडू शकतं. केसांसाठीच्या बायोटिननेही काही मशीनवर आकडा चुकतो. फॉर्मवर हे सगळं स्वतःहून लिहा, कुणी विचारेल याची वाट पाहू नका.

पोटावर १ सेंटिमीटरहून रुंद जांभळे पट्टे, जरा लागलं की काळंनिळं, उकिडवं बसल्यावर उठताना हात टेकावे लागणं, असं काही असेल तर पॅकेज सोडा आणि एंडोक्रिनॉलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर) गाठा. तिथे बहुधा डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची चाचणी सांगतात: रात्री ११ ते १२ दरम्यान १ मिलिग्रॅम गोळी, सकाळी ८-९ ला रक्त. कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा कमी आलं, तर कुशिंगची, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल फार वाढल्याने होणाऱ्या आजाराची, शक्यता फारच कमी. ही गोळी मात्र डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच.