डायोड लेसर आणि आपल्याकडचं ऊन: काही महिन्यांच्या वापरानंतर

केस काढायला डायोड लेसर घेतला तर काखा आणि पोटऱ्यांसाठी पैसे वसूल. हनुवटीसाठी अर्धवट. वरच्या ओठावर नुसती बारीक लव असेल तर घेऊच नका. ८०८ नॅनोमीटर तरंगलांबीच्या डायोड लेसरचा काही महिन्यांनंतरचा हिशेब असा आहे. असं का होतं, आणि जळगाव-धुळ्याकडच्या त्वचेला नि उन्हाला धरून काय सांभाळावं लागतं, ते पुढे.

लेसरचा प्रकाश केसातल्या मेलॅनिन या रंगद्रव्यात शोषला जातो आणि त्याची उष्णता होते. ती केसाच्या मुळापर्यंत आणि नवा केस घडवणाऱ्या पेशींपर्यंत पोचली, तरच तो केस परत येत नाही. म्हणजे त्वचेच्या आत केस शिल्लक हवा. म्हणून आधीचे चार आठवडे वॅक्सिंग, थ्रेडिंग आणि चिमटा बंद. आदल्या दिवशी रेझर फिरवायचा. वाढीच्या अवस्थेतलाच केस मुळाशी नीट जोडलेला असतो आणि पायांवर एका वेळी असे केस थोडेच असतात. त्यामुळे ६ ते ८ सिटिंग लागतात: चेहऱ्याला ४ ते ६ आठवड्यांनी, काखेला साधारण ६, पायांना ८. ‘दर पंधरा दिवसांनी या, लवकर आटपू’ असं कोणी म्हणालं तर पैसे लवकर आटपतात, केस नाही. पांढऱ्या केसांवर हा लेसर चालत नाही, कारण त्यात शोषून घ्यायला रंगच नसतो.

खरी गोम इथून पुढे आहे. मेलॅनिन त्वचेतही असतं. फिट्झपॅट्रिकच्या मापात (त्वचेच्या गोरी ते गडद अशा १ ते ६ पायऱ्या) आपल्याकडची बहुतेक त्वचा ४ किंवा ५ मध्ये बसते. शिवाय कपाशीच्या शेतात किंवा दुपारी गाडीवर रापलेला हात त्याच माणसाच्या काखेपेक्षा एक पायरी गडद असतो. काखेला चाललेलं सेटिंग तसंच हाताला लावलं की भाजलंच समजा. गडद त्वचेला ऊर्जा कमी आणि पल्स (एका शॉटचा वेळ) लांब लागते. वरच्या त्वचेतली उष्णता काही मिलिसेकंदांत निघून जाते, जाड केसाच्या मुळातली मात्र रेंगाळते. पल्स ३० मिलिसेकंदांच्या पुढे नेली की त्वचेला निवायला वेळ मिळतो आणि मूळ तापत राहतं. त्वचा फारच गडद असेल तर १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर अधिक सुरक्षित. तो दुखतो जास्त आणि बारीक केसांवर कमी पडतो, पण डाग पडण्यापेक्षा ते बरं. गोऱ्या त्वचेसाठी नावाजलेला ७५५ नॅनोमीटरचा अलेक्झांड्राइट लेसर आपल्याकडे जपूनच घ्यावा. स्क्रीनवरचे जूल आणि मिलिसेकंद दर वेळी फाइलवर लिहून घ्या. ऑपरेटर बदलला की हाच कागद कामाला येतो. पहिल्या सिटिंगच्या आधी छोट्या जागेवर टेस्ट पॅच हवाच, आणि पुढचं काम निदान ४८ तासांनी.

यंत्राच्या नावापेक्षा त्याच्या टोकाकडे बघा. हँडपीसचं टोक नीलमणी स्फटिकाचं असतं आणि ते बर्फासारखं गार लागलं पाहिजे. आतला लेसर पाण्यावर थंड होतो. त्या टाकीत डिस्टिल्ड वॉटरच लागतं, तेही ठरल्या वेळी बदलून. बोअरचं जड पाणी घातलं तर क्षार साचून बारीक नळ्या तुंबतात आणि गारवा कमी होतो. मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश, खोलीतला एसी दमलेला आणि चिलर सारखा अलार्म देतोय, अशा वेळी ‘थोडं गरम लागेल’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. काम थांबवायला सांगा. वीज जाऊन आली की टोक पुन्हा गार व्हायला वेळ लागतो, तेवढं थांबायचं.

दुसरी गोष्ट काजळीची. जेलमध्ये राहिलेले केसांचे खुंट जळतात आणि टोकाला काळे कण चिकटतात. ते पुसले नाहीत तर पुढचा शॉट तेच कण शोषतात आणि खालच्या त्वचेवर टोकाच्या आकाराचा चौकोनी डाग उठतो. दर थोड्या शॉट्सनंतर टोक ओल्या कापडाने पुसणारा ऑपरेटर असला की निम्मी काळजी मिटते. केस नीट न काढता, खुंटावरच लेसर चालवणाऱ्या ठिकाणी पुन्हा जाऊ नका.

हँडपीस भराभर फिरवत, कमी ऊर्जेचे शॉट मारायची पद्धत कमी दुखते. पण त्यात जागा सुटतात. दोन-तीन आठवड्यांनी पोटरीवर केसांचा सरळ पट्टा दिसला तर तिथे लेसर लागलाच नाही, असं समजावं. सगळीकडे काळे ठिपके दिसले तर घाबरायचं कारण नाही. ते मेलेले केस बाहेर पडतायत. एक ते तीन आठवड्यांत गळतात. नखाने उकरू नका.

आता वेळापत्रक. आपल्याकडे पोरी संक्रांतीला जाग्या होतात, कारण आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) लग्न असतं. सहा आठवड्यांच्या अंतराने सहा सिटिंग म्हणजे सुमारे सात महिने. वैशाखातल्या लग्नासाठी गणपतीतच सुरुवात हवी. चेहरा, मान आणि हात शक्यतो दिवाळी ते माघ या काळात उरकावेत आणि कडक उन्हात थांबावं. मधली एक सिटिंग पुढे गेल्याने फारसं बिघडत नाही, रापलेल्या त्वचेवर मारलेली बिघडवते. काख, पाय अशा झाकलेल्या भागांना उन्हाळाही चालतो. स्कार्फ बांधला तरी एसपीएफ ३० च्या वरचं सनस्क्रीन लावायचंच.

सिटिंगनंतर मुळांभोवती लालसर पुरळ येणं अपेक्षित आहे. काही तासांत, फार तर दोन दिवसांत बसतं. तोवर गार पट्टी, साधं कोरफडीचं जेल, आणि गरम पाणी, वाफ, जिम बंद. फोड येणं मात्र अपेक्षित नाही. त्यावर हळद, टूथपेस्ट काही लावू नका, त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. आपल्या त्वचेत भाजल्यानंतरचा काळा डाग महिनोन्‌महिने राहतो.

गोंदण असेल तर आधी सांगा. हनुवटीवरचा एक ठिपका असो की हातभर नक्षी, त्यातली शाई लेसर जोरात शोषते आणि तिथली त्वचा जळते. गोंदणावर आणि काळ्या तिळावर पांढरी पट्टी लावून भोवती जागा सोडावी. डोळ्यांवर पूर्ण झाकणारा गॉगल पाहिजे, नुसता कापूस चालत नाही. भुवईखालचे केस लेसरने काढूच नयेत, डोळा जायचा. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक किंवा मुरमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन चालू असेल, ओठावर हर्पिसचे फोड उठत असतील, गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. बधिर करणारं क्रीम दोन्ही पायांना थापून वर प्लास्टिक गुंडाळणं धोक्याचं आहे. त्यातलं लिडोकेन रक्तात जास्त गेलं तर झटके येतात, हृदयाची लय बिघडते, जीवही गेलेले आहेत. कॅन्सरची भीती मात्र काढून टाका. हा प्रकाश एक्स-रेसारखा नाही, काही मिलिमीटरच आत जातो.

हनुवटीचा निकाल अर्धवट का? तिथले जाड केस बहुधा हॉर्मोनचे असतात. पाळी अनियमित असेल तर आधी पीसीओएसची (अंडाशयाशी निगडित हॉर्मोनच्या बिघाडाची) तपासणी करा. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या ओपीडीतही ती होते. मूळ कारण तसंच ठेवून लेसर केला तर नवे केस येत राहतात. त्याहून वाईट म्हणजे जबड्याच्या कडेला आणि मानेवर कमी ऊर्जेमुळे लवेचे जाड केस होऊ शकतात. आपल्यासारख्या त्वचेत हा प्रकार जास्त दिसतो. म्हणून लवेवर लेसर नको आणि कडेला गार पॅक ठेवायला सांगा.

पायांवर, काखेत पूर्ण कोर्सनंतर साधारण ७० ते ८० टक्के केस कमी झाले तर तो चांगला निकाल. अमेरिकेच्या एफडीएनेही ‘केस कायमचे कमी होणं’ एवढंच मान्य केलंय, ‘कायमचे जाणं’ नाही. तेव्हा ‘आजीवन गॅरंटी’चं पॅकेज नको, दर सिटिंगला पैसे द्या. वर्षातून एक-दोनदा टच-अप लागतो.

घरगुती मशीन बहुतेक वेळा लेसर नसतं, झेनॉन दिव्याचं आयपीएल (तीव्र प्रकाशाचे फ्लॅश मारणारं) असतं, आणि ऊर्जा बरीच कमी. कोर्सनंतर काखेतले उरलेसुरले केस दाबून ठेवायला ठीक. रापलेल्या हातावर त्याचा सेन्सर लाल दिवा लावून फ्लॅश अडवतो. मशीन बिघडलं म्हणून ते परत करू नका, ते बरोबरच वागतंय.