वसाहतीतलं डॉग पार्क, इंदूर : तिन्ही ऋतू वापरल्यानंतर

पश्चिम इंदुरातल्या एका वसाहतीत बगिच्याचा कोपरा जाळी लावून कुत्र्यांसाठी वेगळा काढलाय. हिवाळा, उन्हाळा, पावसाळा तिन्ही पाहून झाले, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. फाटक उत्तम, सावली बरी, जमीन पावसाळ्यात अगदीच बेकार.

आधी फाटकाबद्दल, कारण बहुतेक भांडणं तिथंच लागतात. इथं एकामागे एक अशी दोन फाटकं आहेत आणि मधे एक माणूस आणि एक लॅब्राडोर मावेल एवढी जागा. बाहेरचं लागल्याशिवाय आतलं उघडायचं नाही, हे सगळ्यांना कळतं. लीश मात्र त्या मधल्या जागेतच सोडायची, आत गेल्यावर नाही, हे फार थोड्यांना कळतं. आतली मोकळी कुत्री नव्याला हुंगायला धावत येतात. बांधलेल्याला मागे सरता येत नाही, लीश ताणली जाते, तो अंग ताठ करतो आणि समोरच्याला वाटतं हा अंगावर येतोय. आतून दोन-तीन जण जाळीला नाक लावून उभे असतील तर घाई करू नका. ‘भय्या, एक मिनिट अपनेवाले को बुला लो’ म्हणायचं (इंदुरात हे वाक्य मराठी माणूसही हिंदीतच बोलतो), वाट मोकळी झाली की आत शिरायचं आणि न थांबता दहा-पंधरा पावलं पुढे चालत राहायचं. मालक चालत राहिला की कुत्राही चालतो, घोळका आपोआप पांगतो.

हार्नेस म्हणजे छाती-पाठीवरून जाणारा पट्टाही तिथंच उतरवा. खेळताना कुत्री एकमेकांची मान तोंडात धरतात. खालचा जबडा पट्ट्यात अडकला की दोघं घाबरून गरगर फिरतात, पीळ बसतो आणि एकाचा गळा आवळला जातो. दोन बोटं जातील एवढा सैल साधा गळपट्टा आणि त्यावर फोन नंबर, एवढं पुरे. काट्यांचा किंवा साखळीचा गळपट्टा घालून आत सोडूच नये.

तक्रार करायचीच तर आतल्या फाटकाची. बिजागरं सैल झाल्याने ते खाली बसलंय आणि कडी खोबणीत पूर्ण जात नाही. लागली असं वाटतं, पण धक्का बसला की सुटते. फाटक जरा वर उचलून कडी सरकवायची आणि तिच्यात लीशचा हूक अडकवून ठेवायचा. जाळीखालची मातीही पहिल्या पावसात खचली. बीगलसारख्या उकरणाऱ्या कुत्र्याला एवढी फट पुरते. आतल्या बाजूने फूटभर रुंदीची फरशीची पट्टी टाकली तर उकरणं थांबेल.

शब-ए-माळव्याचं, म्हणजे माळव्यातल्या गार रात्रींचं, कौतुक खरं असलं तरी मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि दिवसभर तापलेले पेव्हर दिवेलागणीनंतरही गरम असतात. हाताची पाठ सात सेकंद टेकवता आली नाही तर पंजेही टेकवायचे नाहीत. उन्हाळ्यात सकाळी साडेपाच ते सात हीच वेळ. पग, शिहत्झू यांना तेव्हाही दहा मिनिटांवर पळवू नये. आखूड नाकामुळे धापा टाकूनही त्यांच्या अंगातली उष्णता पुरेशी बाहेर पडत नाही. जीभ रुंद होऊन लोंबायला लागली, लाळ घट्ट झाली, पाय लटपटले की खेळ बंद. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38.3 ते 39.2 अंश सेल्सियस असतं, 41 च्या वर जीवावर बेततं. पोटावर, मांड्यांत गार पाणी ओतत राहायचं, वारा घालायचा आणि मग डॉक्टरकडे न्यायचं. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो लगेच गरम होतो आणि आतली उष्णता अडकवतो.

पावसाळ्यात माळव्याची काळी माती आपला रंग दाखवते. बोटांच्या बेचक्यात तिचे गोळे धरतात, वाळल्यावर दगडासारखे होतात, केस ओढले जातात आणि कातडी सोलवटते. ओले असतानाच कोमट पाण्यात पंजा बुडवून सोडवायचे आणि बेचक्या कोरड्या पुसायच्या. ओल राहिली की खाज, मग चाटणं, मग लाली. डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका. उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार) पसरतो आणि त्याची लस दर वर्षी टोचावी लागते. पाण्याचं भांडं आपलं आपण न्यावं. गोचीड फक्त गवतात असते हा गैरसमज आहे. कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड भिंतीच्या भेगांत आणि बाकाच्या खाचांतही लपते. घरी आल्यावर कान, बोटांच्या फटी, गळपट्ट्याखालची जागा आणि काखा चाचपायच्या. डॉक्टरांकडून महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोळी चालू असेल तर उत्तम. ताप, अन्नावरची वासना जाणं, हिरड्या फिकट पडणं असं काही दिसलं तर रक्त तपासून घ्या.

पिल्लाला ‘सवय लागावी’ म्हणून लवकर आणणारे बरेच आहेत. आणू नका. लसींची मालिका सोळा आठवड्यांच्या आसपास संपते, त्यानंतर आणखी दोन आठवडे थांबायचं. पार्व्होचा (पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबांचा) विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. फरशी ब्लीचने धुता येते, मैदान नाही. माजावर आलेली कुत्रीही तीन-चार आठवडे घरीच बरी.

चेंडू आणि खाऊ आत नकोच. भांडण लागलंच तर गळपट्ट्याला हात घालायचा नाही, चावा तिथंच बसतो. आधी पाणी फेका. नाही सुटले तर दोन्ही मालकांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय उचलून मागे ओढायचं.

2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर सांगणाऱ्या शहरात शी उचलायला सांगावी लागू नये, पण लागते. गोल जंताची अंडी बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगी व्हायला दोन-तीन आठवडे घेतात, म्हणून त्याच दिवशी उचललं तर साखळी तुटते. डबा आहे, पिशव्या बहुधा संपलेल्या असतात. दोन खिशात असू द्या.

दिवाळीच्या आठवड्यात आणि गणपतीच्या झांक्यांच्या (चित्ररथांच्या मिरवणुकीच्या) रात्री इकडे फिरकूही नका. एक सुतळी बॉम्ब वाजला की पाच फुटांची जाळीही जर्मन शेफर्डला अडवत नाही. समितीने पैसे काढलेच तर आधी बिजागरं बदलावीत, मग मुरूम टाकावा. नवे बाक नकोत. बाकावर बसलेल्याचं लक्ष फोनमध्ये असतं.