उघड्यावरचा 43 इंची टच कियॉस्क: बेळगावच्या पावसात टिकतो, 'बेळगाव' शोधताना अडतो

बेळगावातल्या एका व्यापारी संकुलाच्या दारात बसवलेला हा उभा कियॉस्क बसच्या वेळा, दुकानांची यादी आणि नकाशा दाखवतो. यंत्र चांगलं आहे. घोटाळा आहे तो आत भरलेल्या मराठीत.

पडदा 2000 निट्सचा (निट म्हणजे पडद्याचा उजेड मोजण्याचं माप). घरातला साधा टीव्ही तीनचारशेच्या आसपास असतो, म्हणून तो उघड्यावर ठेवला की दुपारी नुसता आरसा होतो. इथं काच आणि पॅनल यांच्यातली पोकळी पारदर्शक थरानं भरलेली आहे, त्यामुळे चमक मारत नाही आणि पावसाळ्यात आत वाफही धरत नाही.

आयपी 65 दर्जाची, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे रोखणारी, पेटी पाणी आत येऊ देत नाही, पण खरी डोकेदुखी काचेवरच्या थेंबांची. कपॅसिटिव्ह टचला (बोट टेकल्यावर काचेवरच्या विद्युतभारात होणारा बदल ओळखणाऱ्या पडद्याला) ओघळणारा थेंब बोटासारखा वाटतो आणि पानं आपोआप उलटायला लागतात. टच कंट्रोलरमध्ये पाणी ओळखण्याचं सेटिंग असतं. ते चालू आहे का, हे पाहायला ताबा घेण्याआधी फुलपात्रभर पाणी काचेवर शिंपडावं. हे यंत्र त्यात पास. कोरड्या दिवशीही पानं उलटत असतील तर अर्थिंग पाहा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात 3 व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर पडद्याला बोल लावण्याआधी वायरमनला बोलवा.

हवेच्या वाटेवरची जाळी उन्हाळ्यात पंधरवड्याला धुवावी. तांबड्या धुळीनं ती तुंबली की आतली उष्णता वाढते आणि यंत्र स्वतःच उजेड कमी करतं. लोकांना वाटतं, पॅनल गेलं. तळाशी केबल शिरते तिथली ग्लँडही (केबलभोवती घट्ट बसणारी चकती) आवळून घ्या, नाहीतर मुंग्या आणि पाली आत संसार थाटतात.

आता भाषा. कर्नाटकात नामफलकावर 60 टक्के कन्नड हवी, हा 2024 पासूनचा नियम पाळलेला आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पण पडद्यावर मराठीचं बटण अगदी वरच्या कोपऱ्यात, जमिनीपासून सुमारे 170 सेंटिमीटरवर. व्हीलचेअरवरच्या माणसाचा हात 120 च्या वर सहसा पोचत नाही, शाळकरी पोरांचं तर सोडाच. तिन्ही भाषांची बटणं खालच्या पट्टीत, प्रत्येक पानावर आणि किमान 20 मिलिमीटर उंचीची हवीत.

शोधपेटीत 'बेळगाव' टाकलं की उत्तर शून्य. 'बेळगावी' टाकलं की सगळं येतं. सरकारी नाव 1 नोव्हेंबर 2014 ला बदललं, लोकांच्या तोंडातलं नाही. तीच गत चिकोडीची: यादीत कन्नडवरून उतरवलेलं 'चिक्कोडी' आहे. खानापूर सांगली जिल्ह्यातही आहे, पण दोन्हींपुढे जिल्हा लिहिलेला नाही. उपाय सोपा आहे. प्रत्येक थांब्याला एक क्रमांक आणि त्याखाली सगळी रूपं: बेळगाव, बेळगावी, बेलगाम. शंभरेक थांब्यांचं हे काम रोज इथून प्रवास करणारा माणूस एका दिवसात उरकेल.

कीबोर्ड इनस्क्रिप्टचा, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या सरकारी प्रमाण मांडणीचा आहे. त्यात 'ळ' शिफ्ट दाबल्यावर 'ल'च्या जागी येतो. ज्या शहराच्या नावातच 'ळ' आहे, तिथं हे अक्षर लपवून ठेवायचं म्हणजे कमाल झाली! साधी वर्णमालेच्या क्रमाची पाटी द्यावी.

अक्षरंही हिंदी वळणाची दिसतात, कारण पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी म्हणून नोंदवलेली नाही. नोटो सॅन्स देवनागरी या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे, पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' आहेतच. भाषा नोंदवली की ते आपोआप येतात. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवा. सध्या वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना टेकतात, आणि कन्नडची खाली लटकणारी जोडाक्षरं कापली जातात.

शिवाय 20 सेकंद हात लागला नाही की पडदा पुन्हा पहिल्या कन्नड पानावर जातो. चष्मा काढून, पुसून, कोल्हापूरची गाडी शोधणाऱ्याला एवढा वेळ पुरत नाही. किमान 60 सेकंद द्या आणि शेवटचे 10 त्याच्याच भाषेत मोजून दाखवा. हा आकडा सेटिंगमध्ये बदलता येतो, त्याला नवीन यंत्र लागत नाही.