मुंबईच्या गॅलरीत फ्लायट्रॅप की घटपर्णी?

दोन्ही कीटक खाणारी झाडं, पण मी घटपर्णीच सांगेन. व्हीनस फ्लायट्रॅप मूळचा अमेरिकेतल्या कॅरोलिनांच्या दलदलीचा. त्याला दरवर्षी तीनेक महिने थंडीची झोप लागते, ती इथे कुठली मिळायला? माझा दुसऱ्या उन्हाळ्यात गेला. (शिवाय येणारा-जाणारा त्याच्या पानांच्या मिटणाऱ्या सापळ्यात बोट घालणारच!) नवं रोप हवं तर पान बुडाच्या पांढऱ्या भागासकट ओढून ओल्या स्फॅग्नम शेवाळात खोचायचं. बियांपासून वाढवायला काही वर्षं जातात.

घटपर्णीला आपली दमट हवा मानवते. वेल लांबली की दोन-तीन पेरांचं कलम कापायचं, पानं अर्धी छाटायची आणि त्याच शेवाळात लावायचं. महिना-दोन महिन्यांत मुळं फुटतात. हवा कोरडी पडली की सुरया (पानांच्या टोकाला येणारे, कीटक पकडणारे घट) मात्र धरत नाहीत. मेघालयातली देशी जात संरक्षित आहे, त्यामुळे नर्सरीतली संकरितच घ्या.

पाणी दोघांनाही पावसाचं किंवा आरओचं. मातीत खत अजिबात नको.