८ महिने वापरल्यावर: फोन चांगलाय, पण ती मधे बोलणारी बाई

आषाढ लागला, मुहूर्त संपले, पातेली घासून उलटी घातली, म्हणून आता लिहायला वेळ मिळालाय. फोन दिवाळीच्या पाडव्याला घेतलेला, १८ हजारवाला. १२० हर्ट्झ, ५००० एमएएच वगैरे सगळ्यांना पाठ आहे, ते परत लिहीत नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही, कारण सर्व्हिस सेंटर आमच्याच गल्लीच्या टोकाला आहे आणि रोज तोंड दिसतं. मी केटरिंगवाला, माझा हिशोब पानांत चालतो. २२५ रुपये पान धरलं तर हा फोन म्हणजे ८० पानं. ८० पानं वाढायला काय लागतं ते मला माहितीये, त्यामुळे जरा चिडून लिहिलं गेलं तर समजून घ्या.

तर मुद्दा कॉल रेकॉर्डिंगचा. कॅमेरा बिमेरा ठीक आहे, जिलेबीचे फोटो स्टेटसला बरे येतात, पुढे.

आमच्या धंद्यात सगळं तोंडी असतं. माणूस महिनाभर आधी फोनवर म्हणतो भाऊ ३०० धरा, आदल्या रात्री म्हणतो साडेतीनशे होतील बहुतेक, आणि उठतात ४२० पानं. मग बिलाच्या वेळी मुलीचे काका पुढे येतात (काका कायम बिलाच्याच वेळी येतात, पंगतीला कुठे असतात देव जाणे) आणि म्हणतात आमचं तर ३०० च ठरलेलं. जुन्या फोनात रेकॉर्डिंग आपोआप आणि गुपचूप व्हायचं. काकांना बाजूला घेऊन त्यांच्याच भावाचा आवाज ऐकवला की विषय मिटायचा. तो फोन बॅटरी फुगून गेला, नाहीतर मी सोडलाच नसता.

नव्या फोनवर पहिला मोठा कॉल मिरजेच्या पार्टीचा. गोडात बासुंदी की गुलाबजाम चाललेलं, मी रेकॉर्डचं बटण दाबलं आणि मधेच एक बाई इंग्रजीत, "धिस कॉल इज नाऊ बीइंग रेकॉर्डेड". दोघंही गप्प. समोरचा म्हणाला, "कोण हो ही?" मी म्हटलं काही नाही, फोनच बोलतोय. पण माणसाचा आवाजच बदलला, एकदम ऑफिसात बसल्यासारखा, म्हणे आपण नंतर समक्ष बोलू. नंतर आलाच नाही. दुसऱ्या कुणी पानामागे २० रुपये कमी सांगितले असतील, तेही शक्य आहे, पण मी ती ऑर्डर बाईच्या खात्यावर मांडली ती मांडलीच.

भाचा मोबाईलमधला जाणकार. त्याने सांगितलं की अँड्रॉइड ९ पासूनच बाहेरच्या अ‍ॅपला कॉलमधला आवाज उचलणं अवघड करून ठेवलंय, मग अ‍ॅपवाले अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या परवानगीतून, म्हणजे ज्यांना नीट दिसत-ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ठेवलेल्या दारातून, आत घुसत होते. ते दार मे २०२२ मध्ये प्ले स्टोअरच्या नियमाने बंद झालं, ट्रूकॉलरनेही तेव्हाच रेकॉर्डिंग बंद केलं. आता फोनबरोबर आलेलं डायलर, म्हणजे फोन लावायचं अ‍ॅप, जे देईल ते घ्यायचं, आणि माझ्या डायलरने ही बाई दिली. आयफोनवाल्यांनी हसू नये, तुम्हाला रेकॉर्डिंग मिळायलाच ऑक्टोबर २०२४ उजाडला, आयओएस १८.१ च्या अपडेटमध्ये, आणि तुमच्याकडेही आधी दवंडी पिटतातच.

भाच्याने फोनच्या बोलण्याच्या इंजिनात काहीतरी खटपट करून बाईला मुकं केलं. १२ दिवस शांतता. मग एक अपडेट आलं आणि बाई परत, आणि यावेळी मला वाटतं जरा जास्तच ठसक्यात. इथपर्यंत मी ५ पैकी २ स्टार देणार होतो.

पण मार्गशीर्षात एक गंमत झाली. एका घरचं साखरपुड्याचं ठरवताना फोन आजींकडे दिला, बाई बोलली, आजी म्हणाल्या, "ही कोण मधेच? तिलाही धरा जेवायला." मला हसू आवरेना. मी म्हटलं आजी, सगळं बोलणं टेप होतंय. तर आजी एकदम सावध. घरातल्या एकेकाला हाका मारून मोजणी केली, माहेरचे किती, सासरचे किती, उपासाचे किती, आणि म्हणाल्या १८५, लिहून घे, टेपात पण घे. उठली १९१ पानं. २० वर्षांच्या धंद्यात इतका जवळचा आकडा मला मिळाला नव्हता.

तेव्हापासून मी बटण लपवून दाबत नाही, उलट आकड्याचं बोलणं सुरू झालं की मुद्दाम दाबतो. बाई बोलली की लोक अंदाजे-बिंदाजे म्हणत नाहीत. जुनं रेकॉर्डिंग भांडण झाल्यावर कामाला यायचं, हिच्यामुळे भांडणाचीच वेळ कमी येते. काकांची तर या सीझनला दोनदाच गाठ पडली. म्हणजे वर जे लिहिलंय ते खोडत नाही, मिरजेची ऑर्डर गेली ती गेली, पण आता ४ स्टार धरा.

पाचवा स्टार सर्व्हिसने घालवला. मे महिन्यात कानाला आवाज बारीक यायला लागला. स्पीकरवर ठीक, कानाला काही नाही, आणि स्पीकरवर बोलावं तर मागून आचारी ओरडतोय. सेंटरवाल्याने सिमच्या खाचेत टॉर्च मारला, म्हणाला आतलं स्टिकर लाल झालंय, पाणी गेलंय, वॉरंटी नाही, ३,४०० होतील. मी म्हटलं डब्यावर तर आयपी५४ छापलंय. तो म्हणाला ते शिंतोड्यांसाठी, वाफेसाठी नाही, आणि वॉरंटीत पाणी कुठलंच येत नाही. मग छापता कशाला? भटारखान्यात काय कोरडी हवा असते होय? पाऊण तास वाद घातला, शेवटी त्याने मॅनेजर जेवायला गेलेत सांगितलं.

तिथून उठून स्टँडजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने भिंगातून बघितलं आणि विचारलं, मैद्याचं काम करता का? कानाच्या जाळीत मैदा आणि तेलाचा थर बसलेला. ब्रश, कसलंतरी स्पिरिट, १० मिनिटं, ५० रुपये. ३,४०० म्हणजे १५ पानं, हा पाव पानात सुटला.

बाहेर येऊन पहिला फोन त्या आजींच्याच घरी लावला, ६ पानांचे पैसे राहिले होते. बटण दाबलं, आणि बाई इतकी खणखणीत बोलली की मीच फोन कानापासून लांब धरला. पैसे संध्याकाळी आले.